मोटेच्या चामड्याचा वायसर

जॅक हळूहळू खाली बसत होता आणि आमचे हे ट्रॅक्टरखाली उताणे पडले होते. जॅकचं तेल मातीत जिरत होतं.

"आवं, भाईर या!"

"वरडू नगंस, त्यो ओंडका सार!"

मी ओंडका आत सारला. ट्रॅक्टर त्यावर टेकला. हे सरपटत बाहेर आले.

"माझ्यासंगं पलटणीत असतीस, तर हवालदार झाली असतीस."

मग यांनी जॅक उघडला. तेल अडवणारा आतला वायसर फाटला होता. विहिरीवरच्या जुन्या मोटेच्या चामड्याचा नवा कापून, शेंगतेलात भिजवून बसवला. यांच्या बोटांचा तेल-चामड्याचा वास जाईना, मी नाक मुरडायची.

परवा नातवानं ट्रॅक्टरच्या लोडरचे गळके सील बदलले. सगळं रबर. मी त्याची बोटं हुंगली. तो वास नव्हता.

हे त्या दिवशी वाचले, म्हातारे होऊन गेले. मी आहे.