आक्काच्या नावातले ऊर्फ

प्रथम क्षमा मागतो. लिहिणे हे ज्यांच्या घरात पुस्तके असतात त्यांचे काम, असे मला अजूनही वाटते. आमच्या घरात पहिले पुस्तक आले ते आम्हा भावंडांच्या शाळेच्या पिशवीतून, आणि कॉलेजात गेलेला मी घरातला पहिलाच. एखादा शब्द चुकला तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावे. पण आक्काच्या परवान्याची हकिकत माझ्याखेरीज कोणी लिहून ठेवणार नाही, आणि ती घडत होती त्या दिवसांत मी एका जागी धड बसू शकलो नाही, म्हणून लिहितो.

आक्का माझी थोरली बहीण. मराठी सातवी झाल्यावर तिने नगरच्या एका दवाखान्यात सुईणकामाचे शिक्षण घेऊन सर्टिफिकेट मिळवले. लढाईच्या दिवसांत छावणीत शिपायांच्या बायकामुलांसाठी दवाखाना होता, तिथे ती कामाला लागली. मग लग्न झाले. दाजी शिपाईच. त्यांची पलटण ब्रह्मदेशाकडे गेली आणि आक्का जामखेडजवळच्या खेड्यात सासरी गेली. लढाई संपली, पण पलटण अजून तिकडेच होती.

एकदा एका अडलेल्या बाळंतिणीबरोबर आक्का बैलगाडीतून जामखेडच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिचे काम बघून तिथले डॉक्टर म्हणाले, "बाई, आमच्याकडे सुईणीची जागा रिकामी आहे. पण मुंबईला नाव नोंदवल्याचा परवाना लागेल. दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवतो. पुढे माझ्या हातात नाही."

छावणीत असला परवाना तिला कोणी मागितला नव्हता. मी सुट्टीत भेटायला गेलो तेव्हा ती भाकऱ्या थापत होती.

"कायबी कर, पन कर," ती म्हणाली. "हात इसरत्यात रं. परवा पीठ मळताना बघत हुते, तर हात दुसऱ्याच कुनाचं वाटलं."

पुण्याला परतल्यावर मी इंग्रजीत अर्ज लिहिला, प्रोफेसरांकडून तपासून घेतला, सर्टिफिकेट जोडले आणि मुंबईला पाठवला. तो लगेच परत आला. वर शेरा होता: अर्जदार एक बाई आहे आणि सर्टिफिकेट दुसऱ्याच बाईचे आहे.

यात मुंबईवाल्यांची चूक नव्हती. आक्काचे माहेरचे नाव आणि तिच्या सासूचे नाव एकच होते. ते नाव मी इथे लिहीत नाही, त्याने आधीच पुष्कळ सोसले आहे. एका घरात एका नावाच्या दोघी कशा चालतील? सुनेवर ओरडायचे तर ते सासूला लागायचे. म्हणून लग्नात सासूने आक्काचे नाव बदलायला लावले. त्या वर्षी रेशनिंगमुळे तांदूळ मिळाले नव्हते. ताटात जोंधळे पसरले आणि दाजींनी अंगठीने त्यात नवे नाव लिहिले. तेव्हापासून सासरी जुने नाव कोणी उच्चारले नाही. अर्जात आक्काने सासरचे नाव सांगितले, मी ते लिहिले. दुसरे काही दोघांच्याही डोक्यात आले नाही.

नगरला शिपायांच्या कुटुंबांची कामे बघणारी एक कचेरी होती. तिथे एक पेन्शनर सुभेदार बसत. त्यांनी माझे कागद पाहिले आणि मिशीत हसले.

"म्हणजे तुमच्या दाजीला दोन बायका झाल्या की हो! नाव बदलल्याचा पुरावा काय?"

"ताटात लिहिलं होतं. जोंधळ्यात."

"कुठंयत ते जोंधळे?"

"दळले असतील."

"शाबास! पुराव्याची भाकरी करून खाल्ली. कॉलेजात हेच शिकवतात का?" शेजारचा कारकूनही हसला. माझे कान तापले. मग सुभेदारांनी चष्मा काढला. "बसा, उभे राहू नका. दोन नावांच्या मधी एकच शब्द पाहिजे. ऊर्फ. दाजीनं पलटणीत बायकोचं नाव लिहून दिलेलं असतं, तो उतारा मी मागवतो. आणि जिनं घरात नाव बदललं, तिनं मामलेदारासमोर शपथेवर सांगायचं की या दोघी एकच."

नाव बदलणारी म्हणजे सासू. मी तसाच मोटारीने जामखेडला आणि तिथून चालत आक्काच्या गावी गेलो. म्हातारीने सगळे ऐकून घेतले. ऊर्फ शब्द आला तशी ती उठून उभी राहिली.

"ऊर्फ? पाव्हनं, ऊर्फ तर दरोडेखोराला असतंय! चावडीवर कागद लावला हुता न्हाई का, अमुक ऊर्फ तमुक, धरून देनाऱ्याला बक्षीस. माज्या सुनंला ऊर्फ लावता?"

"मावशी, तसं नाही..."

"तसं न्हाई तर कसं? तुमी शिकल्यालं, तुमीच सांगा. चांगल्या मानसाला दोन नावं कशाला लागत्यात? उंद्या दारात शिपाई आला मंजी?"

शिक्षण अशा वेळी कुठे जाते कोण जाणे. आक्का जात्यापाशी बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "आत्याबाई, त्या सर्टिफिकेटावर नाव तुमचंच हाय. त्याच्याखाली दवाखान्याचा शिक्का हाय. ठिवायचं का वाया घालवायचं, तुमीच सांगा."

म्हातारी परत खाली बसली. मग मला म्हणाली, "माजं नाव? इंग्रजीत?"

"इंग्रजीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती फडक्यात भाकरी बांधून आमच्या आधी गाडीत जाऊन बसली. जामखेडला मामलेदार कचेरीतला कारकून दोघींचे एकच नाव ऐकून गोंधळला आणि खेकसला, "ए म्हातारे, नीट सांग. सुईण कोण अन् सून कोण?"

"सुईन बी हीच, सून बी हीच," म्हातारी म्हणाली. "मी निस्तं नाव!"

अंगठा झाला. पुढे पलटणीचा उतारा आला. सुभेदारांनी सगळे कागद एकत्र करून मुंबईला पाठवले. आणि मग सुरू झाले वाट पाहणे.

मी पुण्यात होतो, पण नुसता देहाने. वर्गात बसलो की परवाना आला असेल असे वाटे, खोलीवर आलो की तो वाटेत हरवला असे वाटे. पुस्तक उघडून खिडकीशी जाई, परत येई, तेच पान पुन्हा वाची. खोलीतला सोबती म्हणाला, "अरे, बाळंतपणे तुझी बहीण करणार आहे, तू का येरझाऱ्या घालतोस?" हसायलाही धीर होईना. आक्काला पत्र टाकले. तिचे उत्तर आले: इथे काही आले नाही. डॉक्टर एकदा विचारून गेले. मी मुंबईला दोनदा लिहिले. दसरा गेला. अखेर मुंबईहून कळले की परवाना रजिस्टर टपालाने केव्हाच रवाना झाला आहे आणि अंगठा देऊन कोणीतरी तो घेतलाही आहे.

कोणी? डोळ्यांसमोर नाही नाही ते येऊ लागले. परीक्षा तोंडावर होती, जाता येईना. अभ्यास तर होतच नव्हता.

दिवाळीच्या आधी आक्काच्या गावचा एक माणूस माझ्या खोलीवर आला. तो खडकीच्या कारखान्यात कामाला होता आणि गावाकडून नुकताच परतला होता. उंबऱ्यातूनच तो हसत म्हणाला, "तुमच्या आक्काचा कागद घावला!"

"कुठं?"

"कनगीत. जोंधळ्यात." त्याने पायताण काढले आणि निवांत बसला. मला ते बसणेही सहन होईना. "आवो, पोस्टमननं दारात नाव पुकारलं. तुमची आक्का पान्याला गेल्ती. त्या नावानं त्या घरात दुसरं हाय कोन? म्हातारी म्हनली, मीच. अंगठा दिला, पाकीट घेतलं. वर सरकारी शिक्का बघितला आन् तिला वाटलं, ऊर्फ लावलं म्हनून आपल्याला धराय वारंट आलं! तिनं गपचिप कनगीत पुरलं. कुनाला बोलली न्हाई. मागल्या आठवड्यात आक्का दळाया जोंधळं काढत हुती, तर हाताला लागलं."

"आणि डॉक्टर? जागा?"

"त्याच दिशी दोघी गेल्या की जामखेडला. म्हातारी म्हनली, नाव माजं हाय, मी बी येनार. डाक्टरनं कागद वाचला आन् नाव पुकारलं, तर दोघी बी जी म्हनल्या."

"अहो, पण ठेवलं का आक्काला?"

"ठिवलं की! सोमवारपास्नं कामाला लागली. म्हातारी गावभर सांगत फिरतीया, मुंबईच्या सरकारनं माज्या नावाला परवाना दिला म्हनून."