टॉवेलाखालचा दर

यमनाप्पाण्णांचं दुकान म्हणजे त्यांच्या उजव्या हाताची पाच बोटं. सदलग्याकडच्या आमच्या जनावरांच्या बाजारात माझी चहाची टपरी आहे, त्यामुळे हे दुकान मी वर्षानुवर्षं बघितलंय. दलाल आणि गिऱ्हाईक टॉवेलाखाली हात घालतात, बोटं दाबून दर ठरवतात आणि तोंडानं पाऊसपाण्याच्या गप्पा मारतात. ज्याचा बैल, तो शेतकरी शेजारी बैलासारखाच गप्प उभा. आपल्याला किती मिळाले ते त्याला कळतं, गिऱ्हाइकानं किती दिले ते कळत नाही. मधले दलालाच्या, म्हणजे आण्णांच्या, खिशात. माणूस गोड, पण खिसा खोल. मी तोंडावर सांगायची, तर हसून चहाचे चार पैसे जास्तच ठेवायचे.

गेल्या वर्षी उसाच्या हंगामात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. बेळगावच्या दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय ओढत का होईना चालत होते. जीभ मात्र जड झाली होती आणि उजवा हात बधिर होऊन नुसता खांद्याला लटकलेला. डॉक्टरांनी सांगितलं, जड काम करू नका. आण्णांना हसू आलं, कारण जन्मात त्यांनी जड काम केलंच नव्हतं. पण घरात पैसा येईना. मोटारसायकल विकली आणि त्यांची बायको बायाक्का विड्या वळायला लागली. नवरा खाटेवर आणि तिच्या मांडीवर तंबाखूचं सूप. हे आण्णांना दुखण्यापेक्षा जास्त लागलं.

शेवटी आले बाजारात. डावा हात पुढं केला तर गिऱ्हाईक मागं सरलं, कारण व्यवहार उजव्या हाताचाच. मग उजवाच उचलून टॉवेलाखाली ठेवला. समोरच्यानं किती बोटं दाबली ते कळेना. अंदाजानं मान हलवली आणि शेतकऱ्याला भलताच दर सांगून बसले. भांडण झालं, सौदा मोडला. त्यानंतर त्यांच्याकडं कुणी वासरूसुद्धा आणेना. माझ्या टपरीवर बसून राहायचे. फुकट चहा नको म्हणून चहाच नको म्हणायचे. मला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. तो मी जाऊन बायाक्कावर काढला.

पुढच्या बाजाराला ती बरोबर आली, ओळखीच्या एका शेतकऱ्याला बैलासकट घेऊन. म्हणाली, "हात गेला तर गेला. तोंड हाय न्हवं? मग बोला की."

"बाजारात दर असा बोलत न्हाईत गं."

"मग चला घरी, विड्या वळायला शिकवते."

आण्णा बोलले. जीभ जड, म्हणून सावकाश बोलले, आणि नीट उमटलं नाही म्हणून दोनदा बोलले. निम्म्या बाजारानं ऐकलं. ज्याचा बैल होता त्यानं तर आ वासला. आपल्याच बैलाचा खरा दर तो जन्मात पहिल्यांदा ऐकत होता. आता मधलं काही उरेना. उरली ठरलेली दलाली, पूर्वीच्या मानानं किरकोळच. आण्णांच्या घरी मटणाच्या जागी अंडी आली. पण शेतकरी जनावरं घेऊन त्यांच्याकडंच येऊ लागले, आणि बाकीच्या दलालांची झोप उडाली.

त्यांनी आपल्यातल्या महादेवाला पाठवलं. बोटांची भाषा त्याला आण्णांनीच शिकवलेली. मी शब्द टाकावा म्हणून तो आधी माझ्याकडं आला. म्हणाला, सगळे मिळून दर बाजाराला पैसे घरपोच करू, आण्णांनी फक्त घरात बसावं. खरं सांगते, मला पटलं. बायाक्काच्या विड्या सुटतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी तिला तसं सांगितलंही. ती आण्णांकडं बघत राहिली.

महादेव आण्णांच्या शेजारी टेकला. आजूबाजूला शेतकरी उभे. त्यानं सवयीनं टॉवेल पसरला. आण्णांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून त्याच्याखाली ठेवला. महादेव बराच वेळ बोटं दाबत होता. चांगला मोठा आकडा असावा.

"मोठ्यानं सांग रं म्हाद्या," आण्णा सावकाश म्हणाले. "हाताला ऐकू येत न्हाय."

सगळे शेतकरी वळून बघायला लागले. महादेवानं टॉवेल ओढून खांद्यावर टाकला. आण्णांनी माझ्याकडं तीन चहा सांगितले, बायाक्काचा आणि महादेवाचा धरून, आणि पैसे डाव्या हातानं पुढं केले. मी ते घेतले.