पल्लवीच्या टरारलेल्या प्लेटा

आता तुमच्यापासून काय लपवायचं? चहा घ्या, पोटभर हसा, पण हा किस्सा माझ्या सासुरवाडीला कळू देऊ नका. जावई शास्त्रज्ञ आहे असा तिकडे अजून समज आहे!

मी नागपुरात शेळ्यांच्या अंडाशयावर संशोधन करतो. कत्तलखान्यातून थर्मासमध्ये अंडाशयं आणायची, त्यांचे बारीक तुकडे करायचे, प्लेटीत पोषक द्रव आणि वाढीचं औषध घालून उबदार इन्क्युबेटरमध्ये ठेवायचे. मग त्यातले फॉलिकल वाढतात का बघायचं. फॉलिकल म्हणजे बीज जिच्यात मोठं होतं ती इवलीशी पिशवी. आमच्याकडची तर नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही, सूक्ष्मदर्शकच लागतो. एवढं ध्यानात ठेवा.

माझ्यासोबत पल्लवी. कामठीहून ऑटोने यायची, हसत यायची, तेही मला खुपायचं. त्यात आमच्या मार्गदर्शक सरांनी जाहीर केलं, "ज्याचे फॉलिकल चांगले वाढतील, तो हैदराबादच्या परिषदेत बोलंन."

मी तर मनातल्या मनात कोटही शिवून घेतला!

पहिल्या दिवसापासून मी सारखं दार उघडून तिच्या प्लेटांशी माझ्या ताडून बघत होतो. मग पहिली तपासणी झाली. पल्लवीचे फॉलिकल गोल, गुटगुटीत. माझे? सुकलेले मनुके! शेळी तीच, औषध तेच, मग हिचेच कसे वाढतात? माझा असा जळफळाट झाला म्हणून सांगू! नक्कीच सर हिला गुपचूप चांगलं औषध देत असणार.

मग मी पहारा आणखी कडक केला. इन्क्युबेटरमध्ये माझ्या प्लेटा पुढे, तिच्या मागे. येता दार उघडायचो, जाता उघडायचो. चहाआधी एकदा, चहानंतर एकदा. वाकून तिच्या प्लेटांकडे बघायचो आणि काय सांगू, रोज मला त्या कालच्यापेक्षा टरारलेल्या दिसायच्या!

एकदा पल्लवीने पकडलंच.

"काहून गा प्रशांत, सारखं दार काहून उघडून राहिला?"

"माह्या प्लेटा पाहून राहिलो. तुले काय करायचं?"

"अगा, आतली ऊब जाते ना! बाहेर कसं ऊन तापून राहिलं. ओलावा उडून जाते सारा."

बघा, हिला मी बघायलाही नको! माझा संशय पक्काच झाला.

दुसऱ्या तपासणीत माझे मनुकेही आक्रसले. मग मात्र डोकं फिरलं. सरळ सरांसमोर उभा राहिलो.

"सर, पल्लवीले तुम्ही जास्त औषध देऊन राहिले!"

सरांनी चष्मा काढला. "तुले कोणं सांगितलं बे?"

"सांगाले कशाले पाहिजे? मागच्या प्लेटा पाहा ना! दुरून दिसते, कसे फुगले ते!"

"दुरून? सूक्ष्मदर्शकाशिवाय?"

"सर, नजर तयार झाली माझी!"

सर उठले. स्वतः मागची प्लेट काढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "ये, तूच पाय."

मी डोळा लावला. काहीच नाही. भिंग फिरवलं. दुसरी प्लेट लावली. तिथेही काहीच नाही! एक तुकडा नाही, फॉलिकल तर दूरच.

तोवर पल्लवी आली आणि ओशाळून म्हणाली, "सर, त्याच्यात नुसतं पाणी हाय. हा सारखं दार उघडे, म्हणून माह्या प्लेटा मी पहिल्याच हप्त्यात बाजूच्या खोलीतल्या जुन्या मशीनमध्ये नेल्या. याच्या प्लेटा वाळू नये म्हणून मागं पाणी ठेवलं."

म्हणजे मी इतके दिवस साध्या पाण्यावर जळत होतो! आणि तेही माझ्याच भल्यासाठी ठेवलेलं! तिच्या प्लेटा बघण्याच्या नादात माझ्याच प्लेटा मी वाळवल्या होत्या.

सर म्हणाले, "औषध दोघांलेही सारखंच होतं गा. तुह्या प्लेटीत काही नाही वाढलं, पोटदुखी तेवढी वाढली."

हैदराबादला अर्थातच पल्लवी गेली. जाताना जुन्या मशीनकडे बोट दाखवून म्हणाली, "माह्या प्लेटांकडे ध्यान ठेवजो. फक्त दार उघडू नोको."

शप्पथ सांगतो, एकदाही उघडलं नाही! नुसता त्या बंद दारासमोर स्टूल टाकून बसलो.

आणि खरं सांगू? दाराबाहेरूनही मला दिसत होतं, मेल्या रोज फुगत होत्या!