बेंबीतली पूड

"माणूस बेंबीपासून सुरू हुतो, गुरुजी, आन् मरणबी तिथूनच आत शिरतं," असं मला सांगत शेठ दोन बोटांत कॅप्सूल फोडत आणि आतली पूड गिऱ्हाइकाच्या जखमेवर भुरभुरत. भंडारा उधळणाऱ्या पुजाऱ्याचा चेहराही इतका गंभीर नसतो.

सुप्याच्या अलीकडे आमच्या फाट्यावर त्यांचं मेडिकल होतं. शिकले होते औषधं विकायला; लोक डॉक्टर म्हणत आणि ते कुणाचं मन मोडत नसत. कुणी चिठ्ठी पुढं केली की मात्र दुखावत. "चिठ्ठी कशाला? मी हाय ना!" सर्दी, ठेच, गळू, परीक्षेआधीची कणकण, सगळ्यांवर अँटिबायोटिकच. किती दिवस घ्यायचं? "बरं वाटलं की बंद." असे एक शेठ तुमच्याही गावात असतील, तब्येत सांभाळा.

त्यांची स्वतःची बेंबी लिंबाएवढी वर आली होती. शेठ खोकले की ती सदऱ्याआडून गल्ल्यावर डोकावायची. नगरच्या सर्जननं स्पष्ट सांगितलं होतं: हर्निया आहे, पोटाच्या भिंतीला भोक पडलंय, ते शिवावं लागेल, यात जंतूंचा काही संबंध नाही. शेठ रोज आंघोळीनंतर बेंबीत पूड भरत आणि वरून एक कॅप्सूल गिळत.

"अहो शेठ, पुडीनं भोक बुजतं का?"

"तुमी फळ्यावर बघा, गुरुजी. पोटाचं मी बघतो."

एका सकाळी लिंबाचा दगड झाला. आत जाईना. शेठ काउंटरवरच वाकले. नगरला नेताना गाडीत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन वहिनी म्हणाल्या, "साऱ्या गावानं यांचं ऐकलं. यांनी माझं एकदा ऐकलं न्हाई."

आतडं शाबूत निघालं. आत जाळी बसवून भोक बंद केलं. चिरण्याआधी अँटिबायोटिकचं एक इंजेक्शन दिलं होतं, तेवढं पुरे, असं सर्जन म्हणाले. शेठना हा अपमान वाटला. "येवढं पोट फाडलं आन् एकच सुई?" घरी आल्यावर त्यांनी पट्टी सोडली आणि टाक्यांवर पूड टाकली.

जखमेत पू झाला. तापानं फणफणलेल्या शेठना परत नगरला नेलं. पू तपासून सर्जन म्हणाले, "यांच्या दुकानातलं एकही औषध या जंतूंना लागू पडत नाही. इतकी वर्षं यांनी अर्धवट डोस घेतले, जंतू सरावलेत. एकच इंजेक्शन उरलंय."

ते चिठ्ठी लिहू लागले, तर शेठनी माझा हात धरला. "चिठ्ठी कशाला? माझं नाव सांगा."

मरणाच्या दारातल्या माणसाशी वाद कसा घालणार? समोरच्या मेडिकलमध्ये जाऊन मी इंजेक्शन मागितलं आणि शेठचं नाव सांगितलं. आतल्या माणसानं मान वर केली नाही. "चिठ्ठी आणा."

परत येऊन मी ते सांगितलं.  शेठ हळूच भिंतीकडे वळले. एवढा मोठा माणूस त्या खाटेवर इतका कमी जागेत मावेल असं मला वाटलं नव्हतं.

मी चिठ्ठी नेली, इंजेक्शन मिळालं, शेठ वाचले. मेडिकल विकून ते नेवाशाला लेकीकडे राहायला गेले. फाट्यावर आता कुणी कॅप्सूल फोडत नाही. पू झाल्यामुळे जाळी मात्र काढावी लागली.

बेंबी पुन्हा लिंबाएवढी वर आली आहे.