वाजवून पाहणारे साडू

जगातली कुठलीही वस्तू एकसंध असते, यावर आमच्या साडूंचा मुळीच विश्वास नव्हता. त्यांच्या मते सगळं काही थरांनी चिकटवलेलं असतं आणि त्यातला एखादा थर सुटायच्या बेतात असतो. एका प्रयोगशाळेत ते विमानाला लागणाऱ्या, धाग्यांचे थर राळेत बसवून केलेल्या पत्र्यांच्या मोडतोडीचं गणित मांडत. पत्रा तुटतो त्याच्या कितीतरी आधी केसाहून बारीक धाग्यानं राळेचा हात सोडलेला असतो, म्हणत. म्हणून आधी धाग्याचं गणित, त्यावरून थराचं, त्यावरून अख्ख्या पत्र्याचं. चंदनसारला त्यांच्या इमारतीची गच्ची गळू लागली, तेव्हा सोसायटीच्या सभेत ते वाळूच्या कणापासून सुरू झाले. गच्चीपर्यंत पोचले तेव्हा श्रोत्यांत मी एकटा उरलो होतो, तोही नात्यामुळे.

खिशात कायम रुपयाचं नाणं. ते टकटक वाजवून आत थर सुटलाय का ते ऐकायचे. खणखणीत आवाज म्हणजे ठीक, बद्द म्हणजे पोकळी. टेबलं झाली, दारं झाली, एकदा हॉटेलात डोसाही झाला. "आता माझं डोकं तेवढं राहिलं," मी म्हटलं. "त्याचा निकाल वाजवायच्या आधीच ठाऊक आहे," ते गंभीरपणे म्हणाले.

एका वर्षी सासऱ्यांनी खाडीपलीकडून भाताचे भारे आणायच्या लाकडी होडीवर फायबरचा थर चढवून घेतला. हार, नारळ, गावातल्या मंडळींना चहा. साडूंनी सर्वांदेखत होडी वाजवली. बुडाशी आवाज बद्द आला.

"इथे फायबर लाकडापासून सुटलंय, मामा. पूर्ण भरू नका."

"पानी दिसतं का कुठं?"

"अजून नाही."

"मग? होडी हाय ती जावईबापू, कलिंगड नाय!"

मंडळी खो खो हसली. साडूंनी हट्टानं ऑफिसच्या कॉम्प्युटरवर होडीचं गणित घातलं, अर्थात धाग्यापासून. उत्तर येईपर्यंत भात झोडून घरात आलं होतं. उत्तर असं, की भरल्या भारानं होडीचं बूड फाटेल. होडी तर समोर धडधाकट. सासरे मिशीत हसत होते, आणि साडूंचा चेहरा बघवत नव्हता. आयुष्यभराचं काम खाडीतल्या एका होडीनं खोटं पाडलं होतं.

तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. "हसता काय? जावई बोलले म्हनून अर्धेच भारे भरत होता ना तुम्ही? खेपा घालून गडी मेटाकुटीला आले!"

सासरे खाडीकडे बघत राहिले. "गडीच म्हातारे झालेत," पुटपुटले.

साडू नाण्यानं बशी वाजवू लागले. "म्हणजे माझं बरोबर की चूक, ते आता कधीच कळणार नाही." एवढ्या आनंदात तक्रार करणारा शास्त्रज्ञ मी पुन्हा पाहिला नाही.

सासऱ्यांनी ती होडी शेवटपर्यंत कधी पूर्ण भरली नाही. आता ते नाहीत, साडू नोकरीपायी बंगळूरला गेले, होडी वाडीत उपडी पडलीय. परवा मी नाणं काढून तिचं बूड वाजवलं. मला मेलं सगळीकडे सारखंच ऐकू येतं. पण नातवंडं तिच्यावर चढायला धावली, तेव्हा तोंडातून निघून गेलं, "सगळे एकदम नको रे. निम्मे निम्मे."