पैसे भरून शिकलेली भाकरी

चुलीवर मक्याचं कणीस भाजल्याचा वास आला की मला माझ्या धाकट्या जावेचा राग येतो, इतक्या वर्षांनंतरही. ती नाशिकला ऑफिसात जाणारी, मी दिंडोरीच्या मळ्यात राबणारी. एकदा ती ग्वाटेमालाला फिरून आली आणि आल्या आल्या ओट्यावर बसून सांगायला लागली, "ताई, तिथली माया जमातीची लोकं जंगल तोडत नाहीत. घरात पाहुणे ठेवतात, त्यांना जंगल दाखवतात, त्यावरच भागतं त्यांचं. मी तर तिथल्या एका बाईकडून मक्याची भाकरी थापायला शिकले, पैसे भरून!" जिने सासरी कधी परातीला हात लावला नाही, ती पैसे भरून भाकरी थापून आली होती! तिथे मका चुन्यात शिजवतात म्हणे, म्हणून तिने सासऱ्यांच्या तंबाखूच्या डबीतला चुना घेतला, मका शिजवला, वाटला आणि तळहाताएवढ्या तीन भाकरी केल्या. एक फाटली, एक करपली. तिसरी सासूबाईंनी खाल्ली आणि म्हणाल्या, "लय गोड झाली गं पोरी." अठरा वर्षं त्या माझ्या हातची भाकरी खात होत्या, पण "मीठ कमी हाय" यापलीकडे कधी शब्द नाही. मी नुसती परात घासत राहिले. आता आमच्याही मळ्यात मुंबईचे पाहुणे उतरतात, पैसे भरून माझ्याकडून भाकरी शिकतात, तोंडभरून कौतुक करतात, आणि प्रत्येक वेळी मी भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोकडे बघते, त्यांना ऐकू गेलं का म्हणून.