कोंबड्याचं अर्धं तिकीट

शनिवारी सकाळी जालन्याच्या बसस्थानकावरून निघालो तेव्हा माझ्या खिशात उपदेशाचे तीन मुद्दे होते आणि हातातल्या पिशवीत एक कोंबडा.

उपदेश दाजींसाठी होता, कोंबडा अक्कासाठी. माझी थोरली बहीण मार्थाअक्का धावड्याला असते. तिचं पत्र आलं होतं. भाचीचं जमलेलं लग्न मोडलं, त्यावर चर्चमधल्याच लोकांनी तोंडं चालवली आणि शांतवनदाजींनी जालन्याला चर्चला यायचं बंद केलं. त्यातच रोगानं सगळ्या कोंबड्या गेल्या. ‘आता हे घरीही प्रार्थनेला बसत नाहीत. माझंही मन डळमळायला लागलंय. तू ये.’

मी वीस वर्षं शब्बाथशाळा (मुलांचा रविवारचा बायबलवर्ग) घेत असल्यामुळे स्वतःला चर्चच्या मंडळीचा खांब समजत असे. खांब निघाला. सौ.नं तिच्या खुराड्यातला सगळ्यात देखणा कोंबडा पाय बांधून पिशवीत घातला. “उपदेशानं न्हाई जमलं तर ह्यानं जमंल,” ती म्हणाली.

बसमध्ये शेजारी एक कापडवाले शेठजी होते. गृहस्थ पक्के जैन. राजूर येईपर्यंत त्यांनी मला आग्रहानं चार खाकरे खाऊ घातले. बाहेर ज्वारीची कणसं भरली होती, हवेत छान गारवा होता. तेवढ्यात शेठजी म्हणाले, “मास्तर, तुमची पिशवी हलून राह्यली.”

त्यांचा खाकरा अजून माझ्या तोंडात होता. “माझी न्हाई ती,” मी म्हणालो.

भोकरदनला एक म्हातारी ढाळे (हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या) घेऊन चढली आणि समोर बसली. “आगं माय! चोच निघाली की पिशवीतून. मास्तर, तुमचा का कोंबडा?”

“कोणता कोंबडा?” मी खिडकीबाहेर पाहत म्हणालो.

मग कंडक्टर आला. “कोंबडा कोनाचा हाय? अर्धं तिकीट लागंल.” सगळी बस माझ्याकडे पाहू लागली. शेठजीही.

“साहेब, मी ह्या कोंबड्याला ओळखतसुद्धा नाही.”

आणि माझ्या दोन पायांमधून कोंबडा आरवला. खणखणीत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रभूला धरून नेलं तेव्हा त्याचा पट्टशिष्य तीनदा म्हणाला, मी ह्याला ओळखत नाही. आणि कोंबडा आरवला. हा धडा मी दर वर्षी शिकवतो. तुम्ही असं कराल का, असं मुलांना विचारतो. मुलं ‘नाही’ म्हणतात आणि मी समाधानानं मान डोलावतो.

मी गुपचूप अर्धं तिकीट काढलं. म्हातारी कोंबड्याकडे पाहून हळहळली, “मालक असून पोरका रे बाबा!” शेठजींनी पाचवा खाकरा पुढे केला. तो मात्र मला गिळवेना.

धावड्याला अक्कानं येसराची (भाजलेल्या धान्याच्या मसाला-पिठाची) आमटी केली होती. दाजी मान खाली घालून जेवले. जेवण झाल्यावर मी कागद काढला.

“दाजी, माणसांकडं पाहू नका. माणसं घसरतात. आपण खांबासारखं...”

अंगणात कोंबडा आरवला. मी थांबलो, घसा साफ केला. “खांबासारखं...”

पुन्हा आरवला.

“काय झालं मेव्हणे?” दाजींनी विचारलं.

अक्का दारातून आशेनं माझ्याकडे पाहत होती. शेवटी कागदाची घडी केली आणि बसमधलं सगळं सांगून टाकलं.

आधी दाजींच्या मिशा हलल्या. “तीनदा?”

“तीनदा.”

“अन् मंग तिकीट?”

“काढलं. अर्धं.”

दाजी हसत हसत चटईवर आडवेच झाले. कित्येक महिन्यांत ते हसलेच नव्हते; अक्का पदरानं डोळे पुसायला लागली. उठून बसल्यावर ते म्हणाले, “लोकं बोलले त्याचं येवढं न्हाई हो. पर चर्चमधी गेलो का वाटायचं, हे सगळे बराबर उभे हायेत, मी एकलाच खचलोय. तुम्ही बी असलेच असताल, तर मला बसायला जागा हाय तिथं.”

दिवेलागणीला ते प्रार्थनेला बसले. प्रार्थनेत त्यांनी कोंबड्याचे आभार मानले. माझ्या मते जरा जास्तच वेळ.

रविवारी पहिल्या बसनं जालन्याला चर्चसाठी परत निघालो. दाजी, अक्का आणि मान खाली घातलेली भाची माझ्यासोबत होती. उपदेशाचा कागद अक्काच्या चुलीत गेला होता. आता तो कोंबड्याचा धडा मी मुलांना प्रश्न न विचारता शिकवायचं ठरवलं होतं.

कंडक्टर कालचाच निघाला. “मास्तर, आज काय पिशवीत?”

“ढाळे,” मी पिशवी उघडून दाखवली.

तो दाजींकडे वळला. “तुम्ही ह्यांच्यासंगं का? सांभाळा. हे ऐनवेळी ओळख देत न्हाईत.”

“त्यांचं ते पाहतील,” दाजी म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात टाकला. “मी ओळखतो ह्यांना. चार पूर्ण तिकिटं द्या.”